नवी केबल शंभर तास वाजवली की आवाज खुलतो का? घरच्या घरी तपासायची पद्धत

नवी केबल जोडली आणि आवाज कोरडा वाटला, की एक सल्ला हमखास मिळतो: थांबा, अजून ब्रेक-इन व्हायचं आहे. कोणी पन्नास तास सांगतं, कोणी दोनशे, काही उत्पादक त्याहूनही जास्त. तेवढा वेळ संगीत वाजलं की वरच्या सुरांतला कर्कशपणा जातो, खर्ज भरतो, आवाज मोकळा होतो, असं सांगितलं जातं.

माझं मत आधीच सांगतो. कानाला कळेल असा बदल केबलमध्ये होत नाही. पण ज्यांना बदल ऐकू आला त्यांना खोटं ठरवणं अन्यायाचं आहे. त्या शंभर तासांत त्यांच्या उपकरणांच्या साखळीत बरंच काही खरोखर बदललेलं असतं, आणि त्या सगळ्यात केबल ही सर्वांत कमी बदललेली वस्तू असते. म्हणून वाद घालण्यापेक्षा तपासणी करावी. ती घरी करता येते, फार महाग उपकरणंही लागत नाहीत. शिस्त मात्र लागते.

या विषयावरच्या बहुतेक तुलना एकाच जागी फसतात. आजच्या आवाजाची तुलना महिन्याभरापूर्वीच्या, आठवणीतल्या आवाजाशी केली जाते. आवाजाच्या बारीक पोताची आठवण काही सेकंदांपुरतीच नीट टिकते. त्यानंतर उरतं ते आपण त्या आवाजाबद्दल स्वतःला सांगितलेलं वर्णन. खाली दिलेल्या पद्धतीचा सगळा भर हा दोष काढण्यावर आहे.

आधी हे पाहा: शंभर तासांत खरोखर काय बदलतं

स्पीकर बदलतो. कोनच्या कडेची रबराची किंवा फोमची पट्टी (सराउंड) आणि त्याला मागून धरणारी लवचिक चकती (स्पायडर) नवी असताना ताठ असतात. हालचाल सुरू झाली की त्या सैलावतात आणि ड्रायव्हरची (स्पीकरच्या आवाज काढणाऱ्या भागाची) रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या कंपनसंख्येला तो सर्वांत सहज हलतो ती, खाली येते. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात मांडलेली परिमाणं आज सगळीकडे वापरली जातात. ती मोजली तर हा फरक आकड्यांत दिसतो. त्यातला बराचसा भाग जोरात वाजवलेल्या पहिल्या काही मिनिटांत ते काही तासांत होऊन जातो, आणि स्पीकर विसावला की थोडा परतही येतो.

रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिजमधला, म्हणजे सुई धरणाऱ्या भागातला, कंपनं शमवणारा रबराचा तुकडा वापराने आणि तापमानाने बदलतो. बरेच महिने पडून राहिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व्होल्टेज मिळाल्यावर आपला ऑक्साइडचा थर पुन्हा बांधतात आणि त्यांची गळती कमी होते. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर तापायला वेळ घेतात. हेडफोनच्या गाद्या डोक्याच्या आकाराप्रमाणे दबतात, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कडेची फट बुजते आणि खर्ज बदलतो. हे शेवटचं मला विशेष महत्त्वाचं वाटतं. कारण नव्या हेडफोनबरोबर नवी केबल घेतलेल्या माणसाला दोन्ही बदल एकत्रच जाणवतात आणि श्रेय केबलला जातं.

स्पीकरच्या आतली व्हॉइस कॉइलही तांब्याची असते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. जोरात वाजवताना कॉइल ५० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळपास २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एका गाण्याच्या अवधीत कॉइलमध्ये जेवढा बदल होतो, तेवढा केबलमध्ये वर्षभरातही होत नाही.

मग राहतात जोडाच्या जागा. मला यातच बहुतेक अनुभवांचं मूळ दिसतं. जुना प्लग दोन-तीन वर्षं सॉकेटमध्ये न हलता बसलेला असतो आणि धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा धरलेला असतो. तो उपसून नवा प्लग आत सारताना घर्षणाने सॉकेट खरवडलं जातं, संपर्क सुधारतो. आवाज सुधारला असेल तर तो इथे सुधारला. जुनीच केबल दोन-तीनदा काढून घातली असती तरी तेच झालं असतं.

आणि कान. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. नव्या आवाजाचंही तसंच होतं. पहिल्या दिवशी टोचणारी झांज महिन्याने टोचत नाही, कारण तुम्हाला तिची सवय झालेली असते. हा बदल खरा आहे, ऐकणाऱ्याला तो खराच जाणवतो, फक्त तो तारेत झालेला नसतो.

तारेच्या आत काय होऊ शकतं

ध्वनीच्या फ्रिक्वेन्सीला केबलचं वागणं तीन गोष्टींनी ठरतं: रोध (प्रवाहाला होणारा अडथळा), कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध). ब्रेक-इनने आवाज बदलायचा असेल तर यांतलं काहीतरी बदलायला हवं, किंवा केबलने सिग्नलमध्ये नवा गोंगाट किंवा विकृती तरी आणायला हवी.

रोधापासून सुरुवात करू. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ७ मिलिओहम असतो. तीन मीटर स्पीकर वायर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.०४ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरसमोर यामुळे आवाजाची पातळी ०.०५ डीबीपेक्षाही (डीबी म्हणजे डेसिबल) कमी घटते. आता खोलीचं तापमान सकाळ ते दुपार १० अंशांनी वाढलं असं धरा. तारेचा रोध ४ टक्क्यांनी वाढेल आणि स्पीकरवरची पातळी सुमारे ०.००२ डीबीने बदलेल. ब्रेक-इनने रोध बदलतो असं मानलं, तरी तो बदल तापमानामुळे होणाऱ्या या बदलापेक्षा कितीतरी मोठा असायला हवा. आणि उन्हाळ्यात केबलचा आवाज बिघडला अशी तक्रार कोणी करत नाही.

तांब्याच्या स्फटिकांची रचना सिग्नलमुळे सुधारते असंही सांगितलं जातं. धातू ओढून तार काढताना त्यात ताण साठतो आणि तापवून तो घालवता येतो, हे खरं आहे. तार बनवणारे कारखाने तेच करतात. पण त्याला काही शे अंश सेल्सिअस लागतात. स्पीकरच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह गेला तर तिच्यात ०.०४ वॉट उष्णता निर्माण होते, तीही तीन मीटरभर पसरलेली. एवढ्याने तार कोमटसुद्धा होत नाही. इंटरकनेक्टमधला, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात सिग्नल नेणाऱ्या केबलमधला, प्रवाह तर याच्या हजारो पटींनी कमी असतो.

इलेक्ट्रॉनांना एका दिशेने वाट पडते, ही कल्पनाही टिकत नाही. ध्वनीचा सिग्नल उलटसुलट असतो. इलेक्ट्रॉन जागच्या जागी अतिसूक्ष्म अंतरात पुढेमागे होतात, कुठेही प्रवासाला जात नाहीत.

सगळ्यांत गंभीरपणे घ्यावा असा मुद्दा इन्सुलेशनचा आहे. विद्युतक्षेत्र काढल्यावरही इन्सुलेशन थोडा भार धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. हा परिणाम खरा आहे, मोजता येतो. टेफ्लॉन आणि पॉलिथिलीनमध्ये तो अगदी क्षीण असतो, पीव्हीसीमध्ये जास्त. पण हे पदार्थ तासागणिक शिकत जाऊन कायमचे सुधारतात, असं त्यातून निघत नाही. भार येतो तसा जातो. आणि ज्या सिग्नलची सरासरी शून्य आहे, त्याने इन्सुलेशनवर एकाच बाजूचा भार साठायचं कारणही नाही.

‘बर्न-इन’ या नावाची एक प्रक्रिया इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत खरोखर वापरली जाते. तिचा हेतू वेगळा असतो. सदोष वस्तू बहुधा पहिल्या काही तासांतच बंद पडतात, म्हणून माल पाठवण्याआधी ताण देऊन त्या वेगळ्या काढतात. वस्तू सुधारावी म्हणून ते कोणी करत नाही.

पायरी १: परतीची मुदत पाहा

तपासणीची तयारी खरेदीच्या दिवशीच सुरू होते. केबल परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते लिहून ठेवा. रोज दोन तास ऐकणाऱ्याला दोनशे तास भरायला शंभर दिवस लागतात, आणि तोपर्यंत मुदत बहुतेक वेळा उलटलेली असते. ‘अजून थोडं वाजू द्या’ या सल्ल्याचा व्यवहारातला परिणाम हाच होतो. सल्ला देणाऱ्याचा तो हेतू असेलच असं नाही, पण तोटा तुमचा होतो. वेष्टन, पावती आणि प्लगवरच्या टोप्या जपून ठेवा.

मुदतीत बसेल असं वेळापत्रक आखा. केबल चोवीस तास वाजत ठेवली तर शंभर तास चार दिवसांहून थोड्याच जास्त वेळात भरतात.

पायरी २: एकाच मापाच्या दोन केबल घ्या

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. एकाच उत्पादकाच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच लांबीच्या दोन केबल हव्यात. स्टिरिओ इंटरकनेक्टची जोडी घेतली तर त्यातच दोन सारख्या तारा मिळतात, वेगळी खरेदी लागत नाही. एका तारेला ‘क’ आणि दुसरीला ‘ख’ अशी चिठ्ठी लावा. दोन्ही एकदा मोजायच्या. मग ‘क’ वाजवायची आणि ‘ख’ पिशवीत बंद करून ठेवायची.

न वाजवलेली ‘ख’ हा तुमचा साक्षीदार आहे. शंभर तासांनंतर स्पीकर सैलावला असेल, खोली तापली असेल, कान सरावला असेल. या सगळ्याचा परिणाम दोन्ही केबल ऐकताना सारखाच असेल. दोघींत फरक उरला तरच तो वाजवण्यामुळे आला असं म्हणता येईल.

पायरी ३: जोड स्वच्छ करा

सगळे प्लग आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि प्रत्येक प्लग पाच-सहा वेळा आतबाहेर करा. स्पीकर वायरची उघडी टोकं काळी किंवा हिरवी पडली असतील तर तेवढा तुकडा कापून नवं तांबं उघडं करा. स्क्रूने आवळायचे जोड पुन्हा आवळा. उपकरणं बंद करूनच हे करायचं.

कित्येकांचं काम इथेच होईल. आवाजात जे खटकत होतं ते इथेच गेलं, तर केबल बदलायचा विचार काही दिवस बाजूला ठेवा.

पायरी ४: पहिल्या दिवसाची मोजमापं

इंटरकनेक्टसाठी सर्वांत चांगलं साधन म्हणजे संगणकाला जोडायचं ऑडिओ इंटरफेस. त्याच्या आउटपुटमधून सिग्नल केबलमध्ये सोडायचा, दुसरं टोक त्याच इंटरफेसच्या इनपुटला जोडायचं आणि रेकॉर्ड करायचं. वाजवणं आणि रेकॉर्डिंग एकाच इंटरफेसवर झालं की दोन्हींचं घड्याळ एकच राहतं. दोन वेगळी उपकरणं वापरलीत तर त्यांची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि तो फरक केबलच्या नावावर जमा होतो.

इंटरफेस अर्धा तास आधी सुरू करून तापू द्या. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा. पातळी एकदा ठरवा, नॉबच्या जागेवर खूण करा आणि पुढे त्याला हात लावू नका. वाजवायला तीन गोष्टी पुरतात: २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर), अर्धा मिनिट पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा एकसारखा फुसफुसाट) आणि तुमच्या नीट ओळखीच्या संगीताचे अर्ध्या मिनिटाचे दोन तुकडे. संगीतात एकात टाळ किंवा झांजेसारखं तीक्ष्ण वाद्य असावं, दुसऱ्यात एकल गायन.

रेकॉर्डिंगचा क्रम असा ठेवा:

- ‘क’ जोडून एकदा रेकॉर्ड करा.
- काहीही न हलवता ‘क’ पुन्हा रेकॉर्ड करा.
- ‘क’ काढून परत घाला आणि तिसऱ्यांदा रेकॉर्ड करा.
- मग ‘ख’ घालून रेकॉर्ड करा.

दुसरं आणि तिसरं रेकॉर्डिंग लोक हमखास गाळतात. पण त्यांतूनच कळतं की तुमच्या मापनाची स्वतःची लटपट किती आहे. एकच केबल स्वतःपासून जेवढी वेगळी दिसते, त्यापेक्षा लहान फरकाला काही अर्थ नाही.

स्पीकर वायरचं काम वेगळं. साध्या मल्टिमीटरला ०.०४ ओहम भरवशाने मोजता येत नाही, त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो. त्याऐवजी प्रवाहावर मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय घ्या, वायरच्या लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र जोडा आणि एक अँपिअर प्रवाह सोडा. मग वायरच्या जवळच्या दोन टोकांवर, सप्लायच्या चिमट्यांच्या आतल्या बाजूला, मल्टिमीटर टेकवून मिलिव्होल्ट वाचा. ४० मिलिव्होल्ट आले तर रोध ०.०४ ओहम. तापमानही शेजारी लिहा, नाहीतर गरम दिवसाचा फरक ब्रेक-इन म्हणून मोजाल.

एक इशारा. स्पीकरच्या टर्मिनलवरून इंटरफेसमध्ये थेट सिग्नल घेण्याचा मोह आवरा. तिथलं व्होल्टेज इंटरफेसचं इनपुट जाळू शकतं. शिवाय अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, विशेषतः क्लास डी प्रकारच्या, दोन्ही टर्मिनल जिवंत असतात. त्यातलं वजा टर्मिनल इंटरफेसच्या ग्राउंडला लागलं तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

पायरी ५: केबल वाजत ठेवा

‘क’ जोडा आणि उत्पादकाने सांगितलेले तास भरू द्या. संगीत चालेल, पिंक नॉइजही चालेल. इंटरकनेक्टसाठी अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर सुरू ठेवायची गरज नाही, पुढच्या उपकरणाचं इनपुट जोडलेलं असलं की पुरे. स्पीकर वायरसाठी मात्र प्रवाह वाहायला स्पीकर हवा. आवाज मध्यम ठेवा, मोठ्या आवाजात दिवसचे दिवस नॉइज चालवून ट्वीटर जाळू नका.

या कामासाठी केबल कुकर नावाची वेगळी यंत्रंही मिळतात, ती नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजचा सिग्नल केबलमधून फिरवतात. ती घ्यायची गरज नाही. संगीत ऐकल्याने केबल सुधारते हा दावा असेल, तर तपासायचंही तेच आहे.

या दिवसांत मुद्दाम बसून ‘सुधारला का’ असं ऐकत राहू नका. रोज शोधायला बसलेल्या माणसाला रोज काहीतरी सापडतं.

पायरी ६: वजाबाकी

तास भरले की पायरी ४ मधली सगळी रेकॉर्डिंग त्याच क्रमाने, त्याच पातळीवर पुन्हा करा. ‘ख’ आता पहिल्यांदाच पिशवीतून बाहेर येईल.

आता दोन रेकॉर्डिंग एकमेकांतून वजा करायची. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक अगदी एका सॅम्पलवर सुरू होतील असे जुळवा, एकाला इन्व्हर्ट (उलटा) करा आणि दोन्ही मिक्स करा. जे सारखं आहे ते पुसलं जातं, उरतो तो फक्त फरक. डेल्टावेव्ह हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर वेळ आणि पातळी आपोआप जुळवून हेच काम जास्त काटेकोरपणे करतं.

उरलेला फरक किती खोल गेला ते बघा. ही कसोटी किती कठोर आहे ते दोन आकड्यांनी कळेल. दोन रेकॉर्डिंगच्या पातळीत केवळ ०.०१ डीबी तफावत असली तर वजाबाकी मूळ सिग्नलच्या ५९ डीबी खालीच थांबते. ती ७९ डीबीपर्यंत खाली जायची असेल तर तफावत ०.००१ डीबीवर यावी लागते. म्हणजे ८० डीबी खाली गेलेली वजाबाकी सांगते की पातळी, फ्रिक्वेन्सी आणि वेळ धरून सगळा फरक मिळून एवढाच आहे. उरलेला ट्रॅक नेहमीच्या व्हॉल्यूमवर वाजवून पाहा. बहुधा फक्त इंटरफेसचा फुसफुसाट असेल, तोही जेमतेम.

मग तीन तुलना शेजारी शेजारी मांडा: ‘क’ विरुद्ध ‘क’ काढून घातलेली, जुनी ‘क’ विरुद्ध आजची ‘क’, आणि आजची ‘क’ विरुद्ध आजची ‘ख’. तिसरी तुलना निर्णायक. पहिल्या दिवशी ‘क’ आणि ‘ख’ यांत जेवढा फरक होता तेवढाच आजही असेल, तर शंभर तासांनी काहीही केलेलं नाही.

‘रेकॉर्डिंगमध्ये पकडता येत नाही पण कानाला कळतं’ असं यावर म्हटलं जातं. पण स्पीकरपर्यंत पोहोचतं ते शेवटी व्होल्टेजच. ते दोन्ही वेळा सारखं असेल तर स्पीकरला वेगळं वागायला कारण उरत नाही. तरीही कानाने पाहायचं असेल तर जरूर पाहा, पुढची पायरी त्याचसाठी आहे.

पायरी ७: डोळे बाजूला ठेवून ऐका

कोणती केबल वाजते आहे हे माहीत असताना घेतलेला निर्णय कानाचा राहत नाही. त्यासाठी एबीएक्स पद्धत वापरतात. ‘अ’ आणि ‘ब’ हवे तितके ऐका, मग ‘क्ष’ ऐका आणि तो दोघांपैकी कोणता ते सांगा. बेल लॅब्जमधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये या धर्तीची चाचणी मांडली होती, आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ऑडिओ उपकरणांच्या तुलनेसाठी तिच्यावर सविस्तर लेख लिहिला.

इंटरकनेक्टसाठी सोपा मार्ग असा की वर केलेली रेकॉर्डिंगच फूबार२००० या प्लेयरच्या एबीएक्स जोडणीत टाकायची. तुम्ही हवा तो सेकंदभराचा तुकडा पुन्हा पुन्हा, लगेच बदलून ऐकू शकता. आवाजाची आठवण ताजी असतानाच तुलना होते, हा याचा मोठा फायदा. पिंक नॉइजपासून सुरुवात करा. सुरांच्या रंगातला फरक संगीतापेक्षा त्यात लवकर कळतो.

प्रत्यक्ष केबल बदलूनच ऐकायचं असेल तर मदतनीस हवा. त्याने आधीच नाणं उडवून क्रम लिहून ठेवावा. प्रत्येक फेरीला केबल काढून पुन्हा लावावी, मागच्याच केबलची पाळी आली तरी, म्हणजे हालचालीच्या आवाजावरून तुम्हाला अंदाज येणार नाही. मग त्याने खोलीबाहेर जावं, चेहऱ्यावरूनही पुष्कळ कळतं. स्पीकर वायर बदलताना प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद हवा. चालू अ‍ॅम्प्लिफायरची दोन टोकं एकमेकांना टेकली तर तो बिघडू शकतो.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, पातळी. जरा मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. म्हणून १०० ते ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. ०.१ डीबीच्या आत जुळणी म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १.२ टक्क्यांच्या आत. दुसरी, डोक्याची जागा. ३.४ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १० सेंटिमीटर असते, त्यामुळे खुर्चीत थोडं पुढे झुकलं तरी वरच्या सुरांचा तोल बदलतो. पाठ टेकून, डोकं एका जागी ठेवूनच ऐका.

फेऱ्या किती करायच्या ते आधी ठरवा आणि तेवढ्याच करा. निव्वळ अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के आहे, तेरा किंवा जास्तची सुमारे १ टक्का. दहा फेऱ्याच जमत असतील तर नऊ तरी बरोबर यायला हवीत. आठ आली तर शक्यता ५.५ टक्के होते, म्हणजे पुरेशी खात्री नाही. मनासारखा निकाल येईपर्यंत फेऱ्या वाढवत गेलात तर या आकड्यांना अर्थ राहत नाही. आणि मध्ये विश्रांती घ्या, थकलेला कान कशालाच न्याय देत नाही.

फरक सापडला तर

सापडू शकतो. अशा वेळी आनंदाने किंवा रागाने निष्कर्ष काढण्याआधी क्रमाने तपासा. दोन्ही केबल पहिल्या दिवशीच वेगळ्या होत्या का? प्लगमधला एखादा सोल्डर कच्चा आहे का? केबल हलवली की खरखर होते का? शील्डचा जोड तुटला असेल तर गुणगुण वाढते आणि आवाज मळकट वाटतो. जोड पुन्हा स्वच्छ करून चाचणी परत करा. फरक टिकला तर ‘ख’ तेवढेच तास वाजवा. तीही त्याच दिशेने बदलली, तर तुमच्या हातात खरोखर विलक्षण काहीतरी आहे आणि ती रेकॉर्डिंग जपून ठेवायला हवीत. असा निकाल मी अजून पाहिलेला नाही.

डिजिटल केबलसाठी यातलं काहीच करायची गरज नाही. यूएसबी किंवा एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोहोचले नाहीत तर आवाज तुटतो किंवा बंद पडतो, कोरडा होत नाही.

लक्ष कुठे द्यायचं

केबल कशाही असल्या तरी चालतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी केबलने आवाज स्पष्टपणे बदलतो, फक्त तो पहिल्या सेकंदापासून बदललेला असतो.

रेकॉर्ड प्लेयरचं मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाचं) कार्ट्रिज हे त्याचं उत्तम उदाहरण. ५०० मिलिहेन्री इंडक्टन्सच्या कार्ट्रिजला केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरचं फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेयर जोडायची जागा) मिळून २०० पिकोफॅरड मिळाले तर त्यांचा रेझोनन्स १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ४०० पिकोफॅरड झाले तर तो ११ किलोहर्ट्झवर उतरतो आणि झांज, ‘स’, ‘श’ यांचा तोल उघड बदलतो. इंटरकनेक्टची कपॅसिटन्स अनेकदा मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते, म्हणून इथे छोटी केबल घ्या आणि कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा जुळवा.

पॅसिव्ह (वीज न लागणाऱ्या) व्हॉल्यूम कंट्रोलचंही तसंच. ५० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचं (आवाज कमीजास्त करणाऱ्या नॉबचं) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा अडथळा, मधल्या एका जागी १२.५ किलोओहमपर्यंत चढतं. पुढे पाच मीटर केबल, म्हणजे ५०० पिकोफॅरड असेल, तर २० किलोहर्ट्झला साधारण २ डीबी घट होते. उलट, १०० ओहम आउटपुट असलेल्या साध्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणाऱ्या उपकरणाला) एक मीटर केबल लावली तर घट सुरू होण्याची जागा १५ मेगाहर्ट्झच्याही वर जाते. तिथे केबलची निवड करण्यात वेळ घालवू नका.

स्पीकर वायरला जाडी पाहा. जाऊन-येऊन एकूण रोध स्पीकरच्या किमान इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. २.५ चौरस मिलिमीटरची वायर ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे १४ मीटरपर्यंत या नियमात बसते.

आणि नवी केबल पहिल्या दिवशी आवडली नाही, विक्रेत्याने दोनशे तास थांबायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा की दोनशे तास होईपर्यंत परतीची मुदत वाढवून लेखी द्याल का. हो म्हणाला तर ‘ख’ पिशवीत घालून ‘क’ वाजत ठेवा. नाही म्हणाला तर आजच परत करा.